आलं काय?

देवमन तायडे कवेलूवर मांजरासारखा चालायचा.
पाय नेमका वाशावर,
पाठीला बांबू, कमरेला पकड,
दातांत चपटी वायर.
खाली अंगणात मी.
आत टीव्हीपुढं गुंफाबाई,
तिला फक्त पाहायला नेमलेलं.

"आलं काय बे?"
मी आत ओरडायचो, "आलं काय?"
"मुंग्याच हायेत."
मी वर ओरडायचो, "मुंग्याच हायेत!"
बांबू बोटभर फिरायचा उत्तरेला,
गाविलगडाच्या निळ्या रेघेकडं.
"आता?"
"माणूस दिसते, पण दोन दोन दिसते."
"आता?"
"आवाज आला, माणूस गेला."

एकदा विचारलं, बूस्टर म्हणजे काय, देवमनभाऊ?
पकडीनं कान खाजवत म्हणाला,
"बहिऱ्याच्या कानाशी कोणी मोठ्यानं बोलते ना, तसं.
पण बोलणाराच बोबडा असन
तर बोबडंच मोठं आयकू येते."
म्हणून तो आधी बांबू वाढवायचा,
मग दिशा,
मग वायरीची टोकं ब्लेडनं घासून तांब्याची लाल करायचा.
बूस्टरची डबी सगळ्यात शेवटी,
तीही वर, काट्यांच्या बुडाशी,
पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून
सलाईनच्या बाटलीची टोपी घालून.

कापूस वेचायच्या दिवसांत वानरं यायची.
एखादा हुप्प्या दांडीला लोंबकळून
सहातले दोन काटे वाकवायचा
आणि चिंचेवर जाऊन बसायचा, गंभीर.
संध्याकाळी अर्ध्या गावाच्या बातम्यांत मुंग्या.
देवमन वानराला शिवी द्यायचा नाही.
"त्यालेही पाहाचं असन," म्हणायचा.

मला फार उशिरा कळलं एक.
चित्र स्वच्छ आलं
की खालून उत्तर जाणं बंद व्हायचं.
गुंफाबाई पाहत राहायची,
मीही उंबऱ्यातून हळूच आत सरकायचो,
अंगण रिकामं.
वर तो एकटा, दोन्ही हातांत बांबू धरून.
"आलं काय?"
थोडं थांबून,
"आलं काय बे?"
मग समजायचा.
तीन बाजूंनी तार आवळायचा,
गाठीवर गाठ मारायचा, उतरायचा,
दाराशी चपला शोधायचा अंधारात,
पैसे उद्या द्या म्हणायचा,
आणि आम्ही मान न वळवता हो म्हणायचो.
गावातली साठ-सत्तर चित्रं त्यानं जुळवली
नुसत्या आमच्या गप्प बसण्यावरून.
त्याच्या स्वतःच्या घरी रेडिओ होता.

मग पांढऱ्या छत्र्या आल्या.
त्या बसवणारा पोरगा तालुक्याहून यायचा,
वर-खाली कोणी ओरडायचं नाही.
आमच्या काट्यांवर गुंफाबाईनं
लसणाच्या जुड्या टांगल्या.

परवा गावी गेलो. कवेलूच्या जागी स्लॅब,
आणि घरात मोबाईलला एक कांडी नाही.
वर गेलो, हात उंच केला,
फिरवत राहिलो बोटबोट,
सवयीनं उत्तरेला.
खाली रस्त्यावर काठी थांबली.
मोतीबिंदूचे डोळे वर करून
देवमननं विचारलं,
"आलं काय बे?"

तेवढ्यात फोन लागला.
पलीकडून पोरीचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा,
दात पडला म्हणत होती, खालचा,
आणि मी ऐकत राहिलो.
किती वेळ कोण जाणे.
आठवलं तेव्हा कठड्याशी धावलो,
तो लिंबापाशी पोचला होता.
"आलं, देवमनभाऊ! आलं!"

त्यानं काठी नुसती उचलली,
वळला नाही.
"मालूम हाये," म्हणाला.