सव्वीस इंची

शटर अर्धं खाली होतं, इशबेल वाकून आत आली.
सायकल त्र्याण्णवची, डोंगरातली.
जांभळा रंग उडालेला, फ्रेम अजून खणखणीत.
"डोंगर संपले," म्हणाली.
"आता हॉस्पिटलची रात्रपाळी, डंडीचे दगडी उतार
आणि हे गुडघे."

सव्वीस इंची चाक हल्ली कोण विचारतं?
फळीवर तीनच जोड्या.
दीड इंची चपळ खरा, पण दगडांच्या फटीत शिरेल.
अडीचचा चिमट्याला घासेल;
ब्रेकखाली जागा जेमतेम करंगळीएवढी.
मग दोन इंची.
रुंद, काळाभोर, एकही दात नसलेला,
तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखा.
हवा थोडी कमीच ठेव, म्हटलं.
दगड टायरला सोसू दे, मनगटांना नको.

गेली. आवाजच नाही.
मी दारात उभा, हातात तिचे जुने टायर,
त्यांच्या दातांत कुठल्यातरी टेकडीची वाळलेली माती.

आठवड्यानं परत.
"टायर झकास. पण लॅकलनला मी आलेली कळत नाही.
डोळे गेल्यापासून
वळणावर चाकांची घरघर ऐकली की
किटली चढवायचा.
काल मी खोलीत, आणि तो दचकला."

जुने चढवू का परत?
नको म्हणाली. घंटी दाखव.
पितळी वाजवून पाहिली, चिनी पाहिली.
"ह्या कुणाच्याही असतील."

शेवटी खणाच्या तळातून
गंजक्या स्प्रिंगची एक निघाली,
ट्रिंग नाही, नुसतं खर्रर्र.
दोनदा वाजवली तिनं.
पैसे मी घेणार नव्हतो.
तिनं ठेवले.