पाचवं कोडं

मे महिन्याचे चारही रविवार, सकाळी नऊ ते साडेबारा.
मोठ्यांना पन्नास, बारा वर्षांखाली फुकट,
आणि वय विचारलं की
मिसरूड फुटलेलं पोरही अकराचंच.
फाटकापाशी बसून मी पावत्या फाडते.
पारोड्याच्या या घरात मला सहावं वर्ष;
मालक लिस्बनला, त्यांच्या आजोबांचा चष्मा काचेखाली.

बागेत लुर्दिन मिस पोरांकडून शिंपले घासून घेतेय,
जुन्या तावदानांसारखा उजेड दुधाळ होईपर्यंत.
जांभळीखाली चादर अंथरली आहे.
कुणाची जीभ जास्त जांभळी
ही स्पर्धा आमच्या पत्रकात नव्हती.
एका बाबांना विहिरीचा रहाट ओढायचाय, मुलाच्या आधी.
बिंडाचं सरबत दोनदा संपलं.
चंद्रनाथाच्या डोंगरावरून ऊन
पायरी पायरीने बलकांवात उतरलं.

अकराला कोड्यांचा खेळ. सात कोडी, सात वस्तू,
हात लावायचा नाही, फक्त शोधायचं.
पाचवं मी स्वतः रचलं होतं:
"मी भिंतीत आहे, पण मी भिंत नाही."
जेवणाच्या खोलीत, छताखाली हातभर,
जुन्या रुपयाएवढं भोक.
शेजारी मीच टाईप केलेली पाटी:
"वायुवीजनासाठी असावे."

शाणू वेळीप नातीला घेऊन आले होते.
ज्येष्ठांना तीस, मी म्हटलं होतं.
"पुरे घे," म्हणाले,
आणि पावती चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात.

दीक्षिता, कानावर पेन्सिल: "आबा, हवेसाठी लिहू?"
ते पाटीकडे बघत राहिले.
वाचता येत नसावं, असं मला वाटलं.
येत होतं.
"हवेसाठीच," ते म्हणाले.
"पण इथून हवा येत नव्हती. दोरी येत होती."

मग वळून सरळ मागच्या पडवीत.
पडवी आमच्या फेरीत नाही,
तिथे आम्ही झाडू आणि फिनेल ठेवतो.
त्यांनी बादली सरकवली, भिंतीला पाठ लावून बसले,
उजवा पाय पुढे केला
आणि हलवू लागले, सावकाश, अंगठ्यापासून.

"बापूय असा बसायचा. डोळा लागला तरी पाय चालू.
मी पेज घेऊन यायचो.
आत काय रांधलंय ते वासावरून सांगायचो त्याला.
बहुतेक चुकायचं."

पोरं जमली होती. कोणीच हसलं नाही,
मग एकदम सगळीच हसली, कारण पाय थांबेना.

जेवणाची खोली पाहिलीत ना, मी विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
"आत्ताच. वाटली होती त्याहून लहान निघाली."

त्यानंतर खेळ माझ्या हातात राहिला नाही.
लुर्दिन मिसचा काथ्या, शिडी, जांभळीखालची डाग पडलेली चादर,
भोकातून दोरी आरपार, आणि पडवीत ही रांग!
ओढायला सगळे तयार.
टेबलाशी बसायला कोणीच नाही.
शेवटी रहाटवाल्या बाबांना बसवलं
आणि ते मान वर करून ओरडले, आला, वारा आला!
"जोरात नको," शाणूबाब पोरांना सांगत होते,
"जेवणाऱ्याचा भात उडता कामा नये."

सहावं, सातवं कोडं तसंच राहिलं.
साडेबाराला घंटा, प्रत्येकाला एक मानकुराद.
दीक्षिताच्या कागदावर पाचव्यापुढे
गिचमिड अक्षरात: आबांच्या बाबांचा पाय.
मी बरोबरची खूण केली, जरा मोठीच.

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
शिडी तिथेच होती, चढून पाटी उतरवली.
नवी ओळ लिहायला बसले,
"येथून पंख्याची दोरी जात असे. ती ओढणारे"
आणि अडले.
नाव विचारायचं राहून गेलं होतं.

पावत्यांची वही उघडून पाहिली.
रविवार, दहा वाजून वीस मिनिटं.
प्रौढ एक. मूल एक.