साडेपाच किलोमीटर

डबा शेंगाचटणीचा. राखेनं घासला, लिंबानं घासला,
तरी ट्रान्झिस्टर तापला की झाकणाखालून
लसणाचा वास येतोच.

आत भंगारातून उचललेलं एक क्रिस्टल
आणि दहा-बारा रेझिस्टर. त्यांचे पट्टे मला
चादरीच्या काठासारखे पाठ आहेत:
तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार.

कॉइल नायनांनी गुंडाळली.
नायनांना ऐकू येत नाही. मिलच्या शेडनं घेतले दोन्ही कान,
मिल बंद झाली तेव्हा हिशोबात परत दिले नाहीत.
मी बोटांनी दाखवलं, अठ्ठावीस वेढे.
ते मोठ्यानं ओकटी, रेंडू, मूडू करत चौदापर्यंत गेले
आणि मोजणं सोडून दिलं.
कांडी भरलेला अंगठा, त्याला तांबंही सूतच.
नंतर सोडवून पाहिली तर सत्तावीस.
अठ्ठाविसावा वेढा माझा आहे,
तेवढाच सैल दिसतो.

तार गच्चीवर. आमच्या टाकीपासून
वडनालांच्या जिन्याच्या लोखंडापर्यंत, वीस मीटर.
दुसऱ्याच दिवशी राजम्मावहिनींनी तिच्यावर
ओली चादर टाकली, लाल जमिनीवर दोन मोर.
मीटरचा काटा जो पडला तो उठेना.
मी वर धावलो, तर त्याच मला विचारतात,
"काय करलालाय रे? दोरी रिकामीच होती की."

मग अकरा रात्री मी हाका मारल्या.
डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा.
कोणी आहे का, कोणीही.
हेडफोनमध्ये फक्त आमची गल्ली:
मागांच्या मोटरींची करकर, एकीत एक अडकलेली.
निम्म्या मीच दुरुस्त केलेल्या, आवाजावरून ओळखतो.
ही चिलवेरींची, ही गड्डमची,
ही येमुलांची, हिचा स्टार्टर ठिणग्या खातो.
त्यांच्या पलीकडे कुठंतरी जग असणार,
लायसन्सच्या परीक्षेत तसं लिहिलं होतं मी.

बाराव्या रात्री अशोक चौकाकडं ट्रान्सफॉर्मर उडाला.
एकेक माग थांबत गेला.
आमच्याकडं शांतता म्हणजे पगार कापला,
लोक दारात येऊन कपाळाला हात लावून बसले,
आणि मी, लाज वाटते सांगायला,
स्कूटरची बॅटरी काढून पळत वर गेलो.

सात मेगाहर्ट्झवर इतकं मोकळं आभाळ
मी कधी ऐकलं नव्हतं.
एकदाच हाक मारली. लगेच उत्तर.
हात असा स्वच्छ, जणू छापील.
निळकंठ हत्तुरे, तार ऑफिसातून रिटायर.
मी धडधडत विचारलं, ठिकाण?
होटगी रोड.

होटगी रोड! सायकलवर गेलो असतो
तर चहा पिऊन परत आलो असतो.
ते सावकाश ठोकत राहिले:
तुमचा पहिला डॅश चिमणीसारखा चिवचिवतो,
सप्लाय तपासा. बाकी बरं आहे.
बोलत राहा, चार वर्षांत
गावातलं कोणी भेटलं नाही.

नायना जिन्यातून वर आले होते.
मी हेडफोन काढून स्पीकर जोडला,
त्यांचं बोट धरून कागदी पडद्यावर टेकवलं.
जकार्डची कार्डं ठोकण्यात त्यांची उमर गेली,
भोक असलं की धागा उठतो, नसलं की खाली.
डोळे मिटून ते पुटपुटले,
"भोक. कोरं. भोक, भोक."
मग विचारलं, "डिझाइन काय आहे?"
मला सांगता येईना.
"बरं, पुढचं कार्ड लाव."

हत्तुऱ्यांचं नाव अर्धं झालं आणि लाईट आली.
खाली सगळी गल्ली एकदम सुरू झाली,
स्पीकर करकरायला लागला, ते त्यात बुडाले.
मी वहीत लिहिलं: वेळ, तारीख,
अंतर साडेपाच किलोमीटर.

नायनांनी बोट काढलं नव्हतं.
मान तिरकी करून, बोटानंच ऐकत, म्हणाले,
"येमुलांचा स्टार्टर बदल रे,
आज ना उद्या जळणार तो."