क्रिएटिनिन : तीन पूर्णांक आठ

सोहारच्या बंदर-रस्त्यावर, टायरच्या दुकानावर आमची लॅब.
खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसतात,
आणि ज्या दिवशी दिसत नाहीत त्या दिवशी
धूळ की दमट, यावर हमीदा आणि मी
एका लबानच्या बाटलीची पैज लावतो.

अकोल्याला देशपातळे सर व्याख्या घोकून घेत.
ज्याची व्याख्या करायची तो शब्द
व्याख्येत पुन्हा आला की अर्धा मार्क कापत.
ज्वर म्हणजे ज्वर येणे. शून्य.
परासरण म्हणजे पातळाकडून दाटाकडे
अर्धपार्य पडद्यातून पाण्याचं जाणं.
ही व्याख्या आखाताला लावायचा मोह
मला इथल्या पहिल्याच वर्षी झाला होता,
डायरीत लिहिलंसुद्धा.
आता होत नाही. पाणी दर महिन्याला
घरी पैसे पाठवत नाही.

डॉक्टर मुंतसिर अरबीत बोलतात, इंग्रजीत लिहितात,
आणि मराठी माणूस समोर आला की
माझ्याकडे बघून नुसते भुवया उचलतात.
म्हणून मंगळवारी रंगनाथ काळवाघे, मेहकर तालुका,
क्रेनवर रिगर, वय एक्केचाळीस,
माझ्या स्टुलावर येऊन बसला
आणि मी कागदावरचा आकडा बोटाखाली धरला.

तीन पूर्णांक आठ.
"किती पायजे?"
एक पूर्णांक दोनच्या आत.
"मंग जास्तच हाय ना. बरं हाय का नाई?"

मी म्हटलं, मूत्रपिंड म्हणजे गाळणी समजा, चहाची.
भोकं बुजत गेली तर चोथा कपात उतरतो.
तो चोथा मोजला, तो हा आकडा.
त्यानं बराच वेळ विचार केला.
"गाळणी तर दहा रुपयाले भेटते, मॅडम."
मग स्वतःच हसला, मग थांबला.

पाणी किती पिता?
"वर असलो की नाई पीत.
पेलं की उतरा लागते. उतराले वीस मिनिटं,
चढाले पंचवीस. फोरमन घड्याळ पायते."
दुपारच्या सुट्टीत?
"तवा झोप येते."

डॉक्टरांनी एक शब्द लिहिला होता, क्रॉनिक.
मी सांगितलं, जुनाट.
"जुनाट कसं? मले तं आत्ताच समजलं."
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पुस्तकात आहे : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारा.
पण पुस्तकात हे नाही की
तो काळ कुणाच्या खात्यात धरायचा,
ज्याला ठाऊकच नव्हतं त्याच्या?

साखर नाही. बीपी आत्ताआत्ताचं. खडा नाही.
कारणाच्या रकान्यात मुंतसिरांनी लिहिलं, अज्ञात.
त्यांचं अक्षर सुंदर आहे. उजवीकडून लिहायची सवय
इंग्रजीतही जाणवते, अक्षरं मागे रेलतात.

रंगनाथनं तो शब्द देवनागरीत लिहून मागितला.
मी चिठ्ठीवर लिहिला. त्यानं बोट ठेवून वाचला,
क्रॉ. निक. एखाद्या नव्या सुपरवायझरचं नाव वाचावं तसा,
आणि लेबर कार्डाच्या प्लास्टिकमध्ये
पोरीच्या फोटोमागे सरकवला.

मग जिन्यात त्याचा फोन लागला.
आवाज वर आला, टायरच्या वासाबरोबर.
"काई नाई वं. ऊन बाधलं म्हनते.
... नाई, आजचं नाई.
अकरा वर्साचं हाय."

सर, कापा आता अर्धा मार्क.

मी दाराआड उभी होते, हातात
पुढच्या माणसाची जांभळ्या टोपणाची ट्यूब.
ती आठ वेळा हलकेच उलटीसुलटी करायची असते,
नाहीतर रक्त गोठतं.
किती झाले ते
मी मोजायचं विसरले.