बघच

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळचे सात.
पुंता अरेनासमध्ये वारा त्याआधीच कामावर रुजू झालेला,
छपरांचे पत्रे उचकटून बघत
आणि आम्ही सहाजण आपापल्या खुर्चीत,
डावा हात यंत्राच्या हवाली करून.
चार तास.
रक्त जातं, धुऊन परत येतं,
जरा स्वच्छ, जरा गार.
उजवा हात तेवढा आपला.
त्यात फोन.

येर्को, खुर्ची नंबर दोन,
खेकड्यांच्या बोटींना बुडाखाली वेल्डिंग करण्यात
ज्याची चाळीस वर्षं गेली,
तो आमच्यासाठी व्हिडिओ निवडतो.
पाठवतो, आणि पाठवल्यावर
चष्म्यावरून आमची तोंडं बघत बसतो.
मजकूर नेहमी एकच : बघच.

बघच : कुठल्यातरी गल्लीतला म्हातारा
फुटकी बशी सांधतोय, एकोणीस सेकंद.
बघच : एक पोरगी सायकलवरून पडते,
पडते, पडते, मग पडत नाही.
बघच : फेरीबोटीच्या रांगेत शिस्तीत उभं कुत्रं,
तोंडात तिकीट.

एर्मिंदाला (खुर्ची नंबर तीन, माझ्या शेजारी)
हिंमत देणारे व्हिडिओ चालत नाहीत.
"पाय नसलेला माणूस डोंगर चढला,
बरं झालं त्याचं.
मला जिना चढताना धाप लागते, त्याचं काय?
बकरी पाठव. घाबरून आडवी होणारी बकरी."
येर्को बकरी पाठवतो.
बकरीच्या मागोमाग, हळूच, एक डोंगर.
एर्मिंदा शिव्या घालते
आणि डोंगर शेवटपर्यंत बघते.
मी पाहिलंय.

नियम एकच, कुठे लिहिलेला नाही :
पाणी पाठवायचं नाही.
धबधबा नाही, नळ नाही,
उन्हात पाईपखाली नाचणारी पोरं नाहीत.
आम्हाला दिवसाला अर्धा लिटर.
मी बर्फाचा खडा जिभेवर ठेवते
आणि तो संपू नये म्हणून
बोलत नाही.
खिडकीबाहेर मॅगेलनची अख्खी सामुद्रधुनी.
आम्ही पाठ करून बसतो.

शुक्रवारी दोन नंबरची खुर्ची रिकामी.
विचारायचं नसतं. हाही नियमच म्हणा.
नर्स योहाना सुई टोचताना
नेहमीपेक्षा जास्त बोलली, हवेबद्दल.
माझा फोन मांडीवर पालथा.
दहाच्या सुमाराला एर्मिंदा म्हणाली,
"बकरी तरी पाठवायची होती मेल्याने,"
आणि "मेल्या" हा शब्द
तिचा तिलाच लागला.
चार तास एवढे लांब असतात
हे मी विसरून गेले होते.

सोमवारी त्या खुर्चीवर नवी चादर.
इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती.

नऊ चाळीसला फोन थरथरला.
एकदम सगळ्यांचेच.

अकरा सेकंद.
दवाखान्याची कॉट, तिची लोखंडी दांडी,
दांडीला टांगलेली पिशवी,
पिशवीत, नळीतून, थेंब थेंब,
पिवळं.
मागे येर्कोचा आवाज, भाजल्यासारखा खरखरीत :
"सान्तियागो. बुधवारी रात्री फोन आला, विमानात बसवलं.
कोणाची आहे ते सांगत नाहीत.
सहा वर्षांनी, लेकांनो! बघच."

नियम त्यानेच मोडला.

आम्ही माणसाची लघवी बघत होतो,
पाचजण, पाच फोनवर,
थोडी मागेपुढे,
म्हणजे एक थेंब पाच वेळा पडत होता.
कोणी हसलं. यंत्राचा गजर वाजला,
दाब वाढला म्हणून,
योहाना धावत आली, कोणाचा वाढला कळेना.

एर्मिंदाने तीनदा बघितला.
मग नाक पुसलं, उजव्याच हाताने, फोनसकट.
"हा कुठल्यात धरायचा?" तिने विचारलं.
"हिंमतीच्यात की गमतीच्यात?"
मी म्हटलं, माहीत नाही.
कोणाची असेल, हे मनात आलं होतं,
ते म्हटलं नाही.

बुधवारी दोन नंबरवर
एक पोरगा बसला, विशीतला, टोपी डोळ्यांवर ओढलेली,
छताकडे बघत.
नाव पण सांगेना.
एर्मिंदाने योहानाकडून त्याचा नंबर काढला,
कसा ते विचारू नका.
बराच वेळ ती अंगठ्याने खालीवर करत राहिली.
पिशवीपाशी थांबली.
पुढे गेली.
मग त्याच्या मांडीवर काहीतरी थरथरलं.

बकरी होती.