हातचा

ओनी हिशेब मांडतोय, वीजबिलाच्या पाकिटामागे.
चष्मा कपाळावर, जिभेचं टोक ओठाबाहेर,
आणि पेन्सिल माझी,
लाकडाच्या वखारीत एकोणतीस वर्षं
माझ्या कानामागे राहिलेली.

थंडर बेमधला नोव्हेंबर. सरोवरावरचा वारा
दाराच्या फटीतून घरात नाक खुपसतोय.
माझी खुर्ची गालिच्यात रुतली आहे
पुन्हा तिथेच, दिव्याखाली,
जिथे सत्त्याऐंशी साली कॉफी सांडली होती.
आता गालिचा जाणार. विनाइलच्या फळ्या येणार,
दिसायला ओक, पाण्याला निर्धास्त, चाकांना सपाट.
दुकानदार त्यांना ‘लक्झरी’ म्हणतो.
आमच्या घरात या शब्दाला
अजून कुणी बसायला सांगितलेलं नाही.

चौदा गुणिले अठरा, ओनी पुटपुटतो,
आठ चोक बत्तीस, हातचे तीन…
दोनशे बावन्न. बोळाचे छप्पन्न.
तीनशे आठ चौरस फूट. इथवर बरोबर आहे.
एका खोक्यात साडेतेवीस फूट, खोकं ब्याऐंशी डॉलरचं,
म्हणून तो लिहितो : तेरा खोकी.
आणि खाली दोन रेघा ओढतो,
प्रश्न मिटल्यासारख्या.

तेरा नव्हे, ओनी.
कोपऱ्यांत कापले जाणारे तुकडे कुठे धरलेस?
शंभराला दहा वाया जातात,
किती गिऱ्हाइकांना मी सांगितलं असेल,
हातचं राखून घ्या,
पुढच्या वर्षी हा रंग मिळायचा नाही.
आणि तेरा टक्के कर? आणि खिडकीपाशी
जमीन बोटभर खचली आहे,
तिथे ओतायच्या मसाल्याच्या तीन गोण्या?
मला सगळं दिसतं, आकडा न् आकडा.
मेंदूतला तो भाग शाबूत आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
फक्त एप्रिलपासून उजवा हात माझा नाही
आणि तोंडात एकच शब्द उरलाय.

“मंगळवार,” मी म्हणते.

“आज गुरुवार गं,” ओनी म्हणतो, मऊ आवाजात.
तो मऊ आवाज मला सोसत नाही.
“मंगळवार!” खुर्चीवर चापट मारते.

तो पेन्सिल खाली ठेवतो. बघतो.
मी डावा पंजा उघडते. मिटते.
उघडते. मिटते. उघडते.
चाळीस वर्षं या घरातले पैसे मी मोजले,
त्याने फक्त डबा कुठे आहे एवढं विचारलं;
वेळ लागणारच.
“पंधरा?” तो म्हणतो. “पंधरा खोकी?”
मग स्वतःशीच, “अरे हो. तुकडे.”
आणि कपाळावरचा चष्मा अखेर नाकावर येतो.

त्यानंतर भराभर झालं, म्हणजे दोन तास लागले.
मी बोट दाखवते, तो लिहितो. मी मान हलवते, तो खोडतो.
खोकी बाराशे तीस. मजुरी आठशे सत्तेचाळीस.
गोण्या एकशे पस्तीस. पियानो हलवायला दोनशे.
गालिचा तो स्वतः उपटणार, गुडघ्यांना न विचारता.
वर कर. बेरीज सत्तावीसशे सव्वीस.
बिस्किटांच्या डब्यात सव्वीसशे.

पियानो फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेत नाही.
चर्चवाल्यांनी तर आभार मानून नको म्हटलं.
“राहू दे त्याला तिथेच,” ओनी म्हणतो,
“त्याच्याभोवतीनं फळ्या घालू.”
म्हणजे सगळीकडे नवा ओक
आणि भिंतीशी, पियानोच्या पायांखाली,
जुन्या हिरव्या गालिच्याचं एक बेट.
दिसेल विचित्र. दिसू दे.
पंचवीसशे. वर शंभर उरतात.

फळ्या बसवणारी नॅडीन फोनवर विचारते, कधी येऊ?
पुढच्या आठवड्यात दोनच दिवस मोकळे आहेत तिचे.
ओनी माझ्याकडे बघतो,
आणि फोन माझ्या तोंडाशी धरतो.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
नेमका तोच शब्द कुणाला तरी हवा आहे.
मी जरा थांबते. घाई कशाला?
हातचा एक आहे,
सावकाश मिळवेन.