शेऱ्याची जागा

उद्यमबागेतल्या फौंड्रीत माझ्या वहीला पाच रकाने आहेत:
ओल, चिकणमाती, कोळशाची पूड, ताकद, हवेला वाट.
रोज दहाला बरणीभर वाळू आणते,
तोलते, भाजते, पुन्हा तोलते.
पाचही आकडे आपापल्या घरात मुकाट बसतात.

तरी आषाढभर
दुपारी ओतलेल्या पंपांच्या अंगावर
देवीचे वण उठावेत तशी छिद्रं.

कल्लाप्पा सांबरेकर वाळू मुठीत दाबतात,
मूठ उघडून बोटांच्या खुणा वाचतात.
"माती खोटी आलीय बघ, पोरी."
तीनदा तपासली. माती खरी होती.
मामांची मूठ चुकली,
माझा तराजू चुकला नाही,
आणि छिद्रं होती तिथंच.

मग एक दिवस बरणी फळीवर ठेवून दिली
आणि साच्यांच्या रांगेत स्टूल टाकून
सकाळपासून बसले.

इराण्णाला साडेपाचची बैलहोंगल गाडी गाठायची असते,
सहाची बंद झाल्यापासून.
म्हणून अर्धी भाकरी फडक्यात तशीच गुंडाळून
तो फोडलेल्या साच्यांची वाळू
निवायच्या आधीच ओढून घेतो पुन्हा कामाला.
"बस होगतैत्री, अक्का."
तापली वाळू, गार साचा,
मध्ये कोंडलेली वाफ.
आणि माझी बरणी तर सकाळची,
गार, शहाण्या मुलीसारखी.

म्हणजे लोखंडातल्या भोकाचं दुसरं टोक
बस स्टँडवरच्या फळ्यावर होतं,
कन्नडमधल्या
अर्धवट पुसलेल्या एका ओळीत.

पण गाडी का बंद झाली?
पूल खचला म्हणून. पूल का खचला?
असं विचारत गेले तर
ढगापर्यंत जाईन, टेंडरापर्यंत जाईन,
थांबायचं कुठं?
मामा तंबाखू मळत म्हणाले,
"चटका बसतोय तिथवर जायचं.
पुढचं पुढच्याला.
खरं, पुढचा आहे एवढं ध्यानात ठेवायचं."

सहावा रकाना नव्हताच.
शेऱ्याच्या जागेत लिहिलं: गाडी.
हेगडे साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
"ही कसली टेस्ट?"

आता पाळी अर्धा तास आधी सुटते.
इराण्णा पुरती भाकरी खातो, वाळू निवते.
शंभरात एकवीस पंप फुकट जायचे,
आता चार जातात.

त्या चारांसाठी उद्या
स्टूल दुसरीकडं ठेवीन.